शेवटच्या चढाईनंतरच्या शिव्या: फोन, तक्रार आणि खेळ

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमची धाकटी बहीण धुळे जिल्ह्यातल्या एका कॉलेजकडून कबड्डी खेळते. आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामन्यात संघ एका गुणाने मागे होता, शेवटची चढाई तिची होती, पकड झाली आणि सामना गेला. सामना यूट्यूबवर लाइव्ह होता. लाइव्ह चॅटमधल्या शिव्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आल्या, तिथून तिच्या इन्स्टाग्रामवर. ‘मॅच विकली’, जातीवरून टोमणे, खेळाच्या कपड्यांवरून घाण कमेंट, आणि आता तिचाच फोटो लावून कुणीतरी खोटं अकाउंट काढलंय. वडील म्हणतात, बस झाली कबड्डी. तुम्ही विचारताय की उत्तर द्यावं, पोलिसांत जावं, की आपोआप थंड होईल म्हणून गप्प बसावं.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात क्रीडा संचालक आहे. मुलींचे कबड्डी आणि खो-खोचे संघ घेऊन विद्यापीठाच्या स्पर्धांना जाणं हेच काम. तालुक्याच्या मैदानावरचे सामने मोबाईलवर दिसायला लागले तेव्हापासून हा प्रकार जवळपास प्रत्येक हंगामात कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतो. त्यामुळे पुस्तकी नाही, अनुभवाचं सांगते. कायद्याचं जे सांगेन ते आमच्या मुलींच्या तक्रारी लिहिताना कामी आलेलं आहे, वकिलाचा सल्ला वेगळा घ्या.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण मला काळजी चौथ्या गोष्टीची वाटते, वडिलांच्या वाक्याची. शिव्या लिहिणारी पोरं बहुतेक वेळा लिहून विसरून जातात, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या मागे लागतात. ज्या मुलींचा खेळ सुटलेला मी पाहिला, त्यांचा तो कमेंटमुळे कमी आणि कमेंटनंतर घरात जे झालं त्यामुळे जास्त सुटला. फोन काढून घेतला, सरावाला जाणं बंद, ‘तुलाच हौस होती’ असं एखादं वाक्य. मुलीला त्यातून एवढंच कळतं की घरचेही त्या पोरांच्याच बाजूचे. म्हणून पोलीस आणि इन्स्टाग्रामच्या आधी घर सांभाळा.

दुसरी गोष्ट अशी की तुमच्या बहिणीला शिव्या देणारे परके नाहीत. मोठ्या खेळाडूंना देशभरातले अनोळखी लोक बोलतात. २०२१ च्या टी-ट्वेन्टी विश्वचषकात पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीला काय काय ऐकावं लागलं ते सगळ्यांना आठवत असेल. आपल्याकडे कॉलेजच्या पातळीवर चित्र वेगळं असतं. शंभर कमेंट दिसल्या तरी लिहिणारे हात मोजके, आणि ते समोरच्या कॉलेजचे, शेजारच्या गावचे, कधी तर आपल्याच भाऊबंदातले. ‘घर जाईसन भाकरी टाक’ असं शुद्ध अहिराणीत लिहिणारा काही दिल्लीत बसलेला नसतो. वंदना कटारियाचं उदाहरण मी मुलींना नेहमी देते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने तीन गोल केले, ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय महिला हॉकीपटू ठरली. त्यानंतर चारच दिवसांनी, ४ ऑगस्ट २०२१ ला, भारत उपांत्य सामना अर्जेंटिनाकडून हरला आणि हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर येऊन लोकांनी जातीवरून शिवीगाळ केली. त्यांना परदेशातून यावं लागलं नव्हतं. घरच्यांनी तक्रार दिली, अटका झाल्या.

माणूस ओळखीचा असण्याने त्रास जास्त होतो, कारण बस स्टँडवर तोच समोर येतो. पण त्याच्यापर्यंत पोहोचताही येतं, आणि हा फायदा शमीला नव्हता.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळाचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संघटनेने खेळाडूंना होणाऱ्या ऑनलाइन शिवीगाळीचा रीतसर अभ्यास करून २०२४ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींना मुलांच्या सुमारे तिप्पट धमक्या आल्या होत्या. खात्री केलेल्या शिवीगाळीपैकी सुमारे १२ टक्के सट्ट्याशी जोडलेली होती. २०१८ च्या न्यायालयीन निकालानंतर तिथे बऱ्याच राज्यांत खेळांवरचा सट्टा कायदेशीर झाला, आणि पैसे बुडालेला माणूस थेट खेळाडूच्या इनबॉक्समध्ये जातो. आपल्याकडे मुलींच्या कॉलेज कबड्डीवर असा बाजार नाही. पैजा मात्र लागतात, हजार-दोन हजाराच्या, पानटपरीवर. ‘मॅच विकली’ हा शब्द बऱ्याचदा तिथूनच येतो.

आता कामाचं. क्रम महत्त्वाचा आहे, कारण लोक उलट्या क्रमाने जातात: आधी उत्तर देतात, मग ब्लॉक करतात, मग डिलीट, आणि शेवटी पुरावा शोधायला लागतात.

फोन तिच्याकडून हिसकावू नका, पण काही दिवस तिचं इन्स्टाग्राम दुसऱ्या कुणीतरी बघावं. हे काम तुम्ही करू नका असं मी सुचवेन. तुम्ही भाऊ आहात, प्रत्येक कमेंटला तुमचं रक्त उसळणार. संघातली मोठी मैत्रीण किंवा वहिनी बरी. तिने बसून आधी सगळं जमा करायचं. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, त्यात बरेचदा नाव अर्धं कापलेलं असतं आणि तारखेच्या जागी ‘२ दिवसांपूर्वी’ एवढंच दिसतं. स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करायचं, फोनची तारीख-वेळ दाखवायची, मग त्या माणसाच्या प्रोफाइलवरून कमेंटपर्यंत न थांबता जायचं. युजरनेम आणि पोस्टची लिंक वहीत उतरवायची, कारण युजरनेम लोक रातोरात बदलतात. खोट्या अकाउंटच्या ‘अबाउट धिस अकाउंट’मध्ये ते केव्हा काढलं हे बरेचदा दिसतं, तेही रेकॉर्ड करा. सामन्याच्या रात्रीच काढलेलं असेल तर ती तारीखच बरंच काही सांगते. आणि हे ज्या फोनमध्ये साठवलं तो फॉरमॅट करू नका, विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी मूळ फोन असलेला बरा.

यूट्यूबच्या बाबतीत तर फारच घाई करा. लाइव्ह चॅट व्हिडिओसोबत राहतं तोवर राहतं. चॅनेलवाल्याने ते बंद केलं किंवा व्हिडिओ कापला की गेलं. आधी रेकॉर्ड करा, मग त्याला फोन करा. हा चॅनेलवाला बहुतेक वेळा गावचाच फोटो स्टुडिओवाला नाहीतर स्पर्धेच्या मंडळातला एखादा पोरगा असतो. त्याच्याशी भांडू नका, त्याला कामाचं सांगा: त्या व्हिडिओच्या कमेंट ‘रिव्ह्यूसाठी थांबवा’वर टाक, नको त्या शब्दांची यादी सेटिंगमध्ये भर. पाच मिनिटांचं काम आहे. आमच्याकडच्या स्पर्धांना मी आता आयोजकांना आधीच सांगते की मुलींच्या सामन्यांना लाइव्ह चॅट बंद ठेवा. व्ह्यूज थोडे कमी होतात म्हणून कुरकुर होते, पण ऐकतात.

पुरावा जमला की मग रिपोर्ट, मग ब्लॉक. इन्स्टाग्रामवर ‘हिडन वर्ड्स’ नावाची सोय आहे, तिच्यात शब्द टाकले की त्या शब्दांच्या कमेंट आणि मेसेज रिक्वेस्ट आपोआप बाजूला पडतात. कंपनीच्या तयार यादीत आपल्या बोलीतल्या शिव्या येतील या भरवशावर राहू नका. अहिराणी, तावडी, रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेली तीच शिवी, जातीचं नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने, हे हातानेच भरावं लागतं. संघातल्या मुलींना एकत्र बसवलं की यादी भरभर तयार होते, आणि थोडं हसूही येतं त्यांना, ते बरंच. ओळखीच्या माणसाला एकदम ब्लॉक केलं तर त्याला कळतं आणि तो गावभर सांगतो. तिथे ‘रिस्ट्रिक्ट’ वापरा, त्याची कमेंट त्याच्याशिवाय कुणाला दिसत नाही आणि त्याला पत्ता लागत नाही.

खोटं अकाउंट हा वेगळा विषय. तोतयेगिरीची तक्रार तिने स्वतः किंवा तिच्या वतीने दुसऱ्याने करता येते. २०२१ च्या आयटी नियमांनी तोतया अकाउंट आणि नग्न किंवा मॉर्फ केलेला फोटो अशा तक्रारींवर कंपनीला २४ तासांच्या आत कारवाई करायला सांगितलं होतं, त्यामुळे साध्या ‘रिपोर्ट’वर न थांबता ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रीव्हन्स ऑफिसरकडे, लेखी पाठवा. देवाने करो आणि तसलं काही नसो, पण तिचा फोटो बिघडवून अश्लील केलेला असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ ही सेवा वापरा. फोटो कुठे पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो अडवतात. ही सेवा १८ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आहे. बहीण एफवायला असेल तर वय नीट पहा. ती १७ ची असेल तर अशा फोटोवर पॉक्सो, म्हणजे अल्पवयीनांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, लागतो आणि सगळं प्रकरणच बदलतं.

व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला ‘तुला आत टाकू’ अशी धमकी द्यायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. तिचा उपयोग नाही. केवळ ॲडमिन आहे म्हणून दुसऱ्याच्या मेसेजसाठी त्याला गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय. विनंती करा. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, आणि गावातला ॲडमिन बहुधा कुणाचा तरी काका-मामा असतो, त्याला लाज असते. अर्थात पुरावा घेतल्यावरच.

उत्तर द्यावं का? तिने नाही. तुम्ही तर अजिबात नाही. तुमच्या प्रश्नात ‘चार पोरं घेऊन त्याच्या घरी जाऊ का’ असंही एक वाक्य आहे. ते डोक्यातून काढून टाका. तुम्ही गेलात की दुसऱ्या दिवशी तुमच्यावरच क्रॉस केस होते आणि तिची तक्रार मागे पडते. संघाकडून मात्र एक उत्तर जायला हवं: कर्णधार किंवा प्रशिक्षकाच्या नावाने, दोन-तीन ओळींचं, ‘हरलो तो संघ हरला, आमच्या खेळाडूबद्दल जे लिहिलं जातंय त्याची तक्रार आम्ही करत आहोत’ एवढंच. शमीच्या वेळी विराट कोहली पत्रकार परिषदेत उघडपणे त्याच्या बाजूने बोलला होता. कर्णधार एकदा बोलला की कुंपणावर बसलेले बरेच जण गप्प होतात. ‘मॅच विकली’ला उत्तर तर कॉलेजनेच द्यायला हवं. तो आरोप लोक वर्षभर लक्षात ठेवतात आणि पुढच्या निवड चाचणीच्या वेळी कुणीतरी हळूच काढतं.

पोलिसांत केव्हा जायचं हे मजकुरावर अवलंबून आहे. सगळंच पोलिसांत नेण्यासारखं नसतं. ‘खेळता येत नाही’, ‘टीममध्ये घेतली कुणी हिला’ हे कितीही झोंबलं तरी गुन्हा नाही, सोडून द्या. ‘मॅच विकली’ ही बदनामी आहे, पण ती केस न्यायालयात लांबते, तिथे कॉलेजचं पत्र लवकर काम करतं. धमकी, लैंगिक मजकूर, पाठलाग, जातीवरून शिवी आणि खोटं अकाउंट, यांत मात्र थांबू नका. भारतीय न्याय संहितेत धमकीसाठी कलम ३५१ आहे आणि नाव लपवून दिलेल्या धमकीला वाढीव शिक्षा आहे. ऑनलाइन पाळत ठेवणं ७८ मध्ये येतं, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान ७९ मध्ये. तोतया अकाउंटला आयटी कायद्याचं ६६क आणि ६६ड, अश्लील मजकुराला ६७. अर्जात ६६अ लिहू नका. अजूनही काही जण ते लिहायला सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने ते मार्च २०१५ मध्येच रद्द केलंय. खरं तर कलम लिहायची जबाबदारी तुमची नाहीच, काय घडलं ते तारीखवार मराठीत लिहा.

तुम्ही अनुसूचित जाती-जमातीत येता की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि इथे लिहायचीही गरज नाही. येत असाल, बहीण भिल्ल, पावरा, तडवी, कोकणी अशा समाजातली असेल, तर जातीवरून सार्वजनिक ठिकाणी केलेली शिवीगाळ ॲट्रॉसिटी कायद्याखाली जाते आणि तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो. अशा प्रकरणात ‘गावातच मिटवू’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. बाकी किरकोळ टोमण्यांसाठी पोलीस पाटील, तंटामुक्त समितीतला एखादा समजूतदार माणूस, यांनी त्या पोराच्या बापाला बोलावून समज दिली तर मला ती पोलीस तक्रारीपेक्षा बरी वाटते. माफी ग्रुपवरच मागायला लावा, जिथे लिहिलं तिथेच. पण मुलीच्या अंगावर गेलेलं, जातीवर गेलेलं चावडीवर बसून मिटवायचं नसतं.

जायचं कुठे? जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या ठाण्यात. ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणाले तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायची तक्रार, घेता येतो हे शांतपणे सांगा. घरबसल्या राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर महिलांविषयीच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे. १९३० हा नंबर मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे. तिथे फोन लावून रांगेत वेळ घालवू नका. जिवाला धोका वाटला तर ११२.

पोलिसांच्या आधी किंवा बरोबरीने एक दार आहे, ज्याच्याकडे लोक बघतच नाहीत. शिव्या देणाऱ्यांत कॉलेजची पोरं असणारच. तुमच्या प्राचार्यांकडून त्यांच्या प्राचार्यांना पत्र जाऊ द्या, प्रत विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला. पोलिसांचं समन्स यायला वेळ लागतो, पण आपल्याच कॉलेजच्या क्रीडा शिक्षकाने बोलावून समोर स्क्रीनशॉट ठेवला की पोरगा त्याच संध्याकाळी अकाउंट बंद करतो. त्यालाही पुढच्या वर्षी खेळायचं असतं. मजकूर लैंगिक असेल तर बहिणीच्या कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी द्या. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनी ती समिती प्रत्येक कॉलेजला सक्तीची केली आहे, आणि त्रास देणारा बाहेरचा असला तरी कॉलेजने मुलीला मदत करायची असते. ‘बाहेरचं प्रकरण आहे’ म्हणून कुणी हात झटकले तर हेच वाक्य त्यांना दाखवा.

हे सगळं चालू असताना तिला खेळाडू म्हणून उभं करायचं काम राहतंच, आणि माझ्या मते तेच खरं काम. आम्ही एक गोष्ट हमखास करतो: सामन्याचं गुणपत्रक घेऊन मुलीबरोबर बसतो. तुमच्या बहिणीच्या प्रशिक्षकांनाही सांगा. शेवटच्या चढाईला समोर किती बचावपटू होते? सहा किंवा सात असतील तर बोनस, म्हणजे बोनस रेषा ओलांडून मिळणारा गुण, खुला होता, आणि एका गुणाने मागे असताना बोनस घ्यायला आत जाणं हा योग्यच निर्णय. पाच असतील तर बोनस नव्हताच, स्पर्श करून गुण आणण्यावाचून तिला पर्याय नव्हता, आणि त्यासाठी खोल जावंच लागतं. मग मागे जा. पूर्वार्धात लोण कधी बसला, म्हणजे आपला सगळा संघ कधी बाद झाला? लोणचे दोन जादा गुण कुणाच्या पकडीतून गेले? सोप्या चढायांवर किती वेळा रिकाम्या हाताने परतलो? दोन अर्ध्यांचा सामना एका चढाईवर हरता येत नाही. हे तिला नुसतं तोंडाने सांगून पटणार नाही, ‘समजूत घालताय’ म्हणेल. कागदावर गुण ओळीने दिसले की पटतं. त्यात तिची चूक निघाली तर तीही निघू द्या, पाय कुठे उशिरा ओढला तेवढीच. चूक पायाची होती हे कळलं की सरावात दुरुस्त करायला काहीतरी हातात येतं. ‘तू नालायक आहेस’ यावर सराव करता येत नाही.

झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, ‘मी नसते तर बरं’ अशी भाषा येत असेल तर मात्र गुणपत्रक बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी १४४१६ ला फोन लावा. टेली-मानसची सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. त्या रात्री तिला एकटी झोपू देऊ नका.

राहिले वडील. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना पोरीची अब्रू दिसतेय, आणि त्यांच्या परीने ते तिला वाचवायलाच निघालेत. क्रीडा संचालकांना किंवा प्रशिक्षकांना घरी बोलवा, चहा घ्या, आणि त्यांच्या समोर तक्रारीची प्रत ठेवा. कुणीतरी जबाबदारी घेतली आहे हे दिसलं की बाप नरमतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय. त्यांना एवढंच मागा की निर्णय विद्यापीठ संघाच्या निवड चाचणीपर्यंत पुढे ढकला. तोवर सरावाला तिला सोडायला-आणायला तुम्ही जा, आणि चाचणीचं लाइव्ह होणार असेल तर चॅट बंद ठेवण्याचा अर्ज कॉलेजच्या लेटरहेडवर आठवडाभर आधी द्यायला लावा. अर्ज लिहायला अडलं तर इथेच विचारा, मसुदा देते.